तुमच्या पुढं कोण होतं?

पायानं स्टूल पुढं सरकवायचं आणि म्हणायचं, "आधी बसा तर." उमरग्याच्या त्या दवाखान्यात जो कुणी आला, त्याची काउंटरवरच्या आपांशी ओळख अशीच झाली. ताप घेऊन आलेला, कुत्रं चावलेला, भावकीत भांडून बीपी वाढवून आलेला, बॅग घेऊन डॉक्टरांना भेटायला आलेला औषध कंपनीचा माणूस, सगळ्यांना तेच. एक हात केसपेपरवर, मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला फोन, आणि पाय स्टुलावर. स्टुलाचा एक पाय त्यांच्या चपलेनं घासून पांढरा पडला होता. हायवेला लागून असलेल्या त्या दवाखान्यात तुम्ही कधी बसला असाल, तर आपा म्हटल्यावर तुम्हाला चेहऱ्याच्या आधी तो पाय आठवेल.

मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. मी पत्रकं लिहिते. रस्त्यावर खड्डा पडला की पत्रक, नळाला पाणी आलं नाही की पत्रक. उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपवायला मला कुणी शिकवलंच नाही. त्या दिवशी माझी मावशी सकाळपासून बाहेर ओट्यावर बसली होती आणि नंबर कधी येणार हे कुणी सांगत नव्हतं. मी काउंटरवर हात आपटला. "माणसं आहेत का गुरं? कितवा नंबर चालू आहे ते सांगायला काय जातं तुमचं?"

स्टूल सरकलं. "आधी बसा तर. उभ्यानं वरडलं की छातीत दुखतं. मग तुम्हाला बी नंबर घ्यावा लागंल."

मागची माणसं हसली. मला राग आला आणि मी बसले. बसल्यावर ओरडता येत नाही. करून बघा.

"आता बोल बेटा," आपा म्हणाल्या, अहोजाहो सोडून. "पण तुझं बरोबर हाय. नंबर कळायलाच पायजे. त्याच्यासाठी तर हे आणलंय." आणि त्यांनी मला फोनवर 'रांग' दाखवली.

'रांग' हा प्रोग्राम. दवाखान्यात कितवा नंबर चालू आहे ते माणसाला घरी फोनवर दिसतं, म्हणजे शेजारच्या मुरूम गावच्या माणसानं पहाटे येऊन ओट्यावर बसायचं कारण उरत नाही. तो कुठल्या कंपनीचा नाही. अशी कामं जगभर चालतात: कुणीतरी प्रोग्राम लिहून उघड्यावर ठेवतो, ज्याला जमतं तो दुरुस्ती पाठवतो, ज्याला जमत नाही तो चूक कळवतो, आणि पगार कुणालाच नसतो. फक्त कुठली दुरुस्ती आत घ्यायची हे एक माणूस ठरवतो. आमच्यात तो माणूस लांबच्या मोठ्या शहरातला, मोठ्या नोकरीतला. 'रांग' मुळात त्यानंच लिहिलेली. त्याचं नाव इथं येणार नाही, आपांनी तसं सांगून ठेवलंय. मी त्याला साहेब म्हणते. ज्या सुरात म्हणते तो सूर कागदावर उतरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आपांनी 'रांग'च्या फोनवरच्या गटात पहिली चूक कळवली तेव्हा काय झालं ते ऐका. आपा एका बोटानं, ओठ हलवत लिहायच्या. "सगळ्यांना सलाम, नमस्कार. सगळे खुशाल असाल. आमच्याकडं ऊन लई हाय, तुमच्याकडं कसं? साहेबांनी एवढं चांगलं काम केलं, पेशंट लोक दुवा देतात." असं बरंच झाल्यावर, शेवटी, भीत भीत: "एक बारीक गोष्ट हाय. दुपारी डॉक्टर जेवायला गेले तरी नंबर पुढं जातो."

साहेबांचं उत्तर आलं: "ही तक्रार आहे की लग्नपत्रिका?"

खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. मी असते तर त्या माणसाची सात पिढ्यांची पत्रकं काढली असती. आपांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं आणि एका बोटानं लिहिलं: "लग्नपत्रिकाच समजा साहेब. सगळ्यांनी यायचं."

आणि माणसं खरंच आली. आसपासच्या दवाखान्यांचे काउंटरवाले, कंपाउंडर, कॉलेजची पोरं. साहेब एकाला तोडायचा, आपा त्याला बसवायच्या. कुणी नवखा काही विचारायला आला आणि साहेबानं त्याला "सूचना वाचता येत नाहीत का" म्हटलं की आपांचा निरोप मागोमाग: "या, आधी बसा. कुठल्या गावचे? सूचना आम्हाला बी पहिल्यांदा कळल्या न्हवत्या. सांगते." एकदा त्यांनी साहेबालाच लिहिलं, "आज लई काम केलंत, जेवलात का?" त्यानं उत्तर दिलं, "मुद्द्यावर या." आपांनी लिहिलं, "मुद्दा तोच हाय."

आपांनी मलाही गटात घातलं होतं. मी चिडायचे. "आपा, तो माणूस तुमची किंमत ठेवत नाही."

"फुकट करतोय बेटा. दिवसभर नोकरी, आणि वर हे. आजवर कुणी त्याला च्या तरी विचारला का?"

"तुम्हीसुद्धा फुकटच करता!"

"मला च्या मिळतो की." आणि खरंच, समोरचा टपरीवाला तेवढ्यात आत कप ठेवून गेला.

माकणीची एक मुलगी होती, कॉलेजात शिकणारी. धरणाच्या बाजूच्या त्या गावात फोनला रेंज यायची ती घराच्या माळवदावर. तिथं बसून तिनं पहिली दुरुस्ती लिहिली आणि पाठवली. कच्ची होती, मान्य. साहेबानं लिहिलं: "माकणीत कॉम्प्युटर शिकवतात की शेळ्या राखायला? हे पुसून टाका." सगळ्यांसमोर. त्या मुलीनं दुरुस्तीबरोबर गटातलं स्वतःचं नावही पुसून टाकलं.

गटात फक्त नावं दिसायची, तिचा नंबर कुणाकडंच नव्हता. आपांनी काय करावं? त्या आठवड्यात माकणीचा जो पेशंट आला त्याला स्टूल, आणि मग हळूच चौकशी. "तुमच्या गावात एक पोरगी हाय, माळवदावर बसून फोन करती ती. कुणाची हो?" एका म्हातारबाबांनी तिला बरोबर हुडकून दिली. आपांनी फोन केला. मी शेजारी बसून ऐकत होते. वाटलं, आता समजूत घालतील, शिकवतील. त्या एवढंच म्हणाल्या, "शेळ्या किती हायेत गं तुमच्या?" पलीकडून आधी हसू. मग रडू. आपा फोन धरून बसल्या, आणि पुढच्या पेशंटला हातानंच खूण केली, बसा.

ही सगळी उजळणी मी का करतेय? कारण पुढं जे झालं त्याचा दोष आपांवर टाकला गेला, चार लोकांत. आणि मी विसरणाऱ्यातली नाही.

'रांग'ची नवी आवृत्ती आली. साहेबानं गटात विचारलं, सगळं नीट चाललंय का? उमरगा, मुरूम, सगळीकडून उत्तरं आली: छान चाललंय साहेब. छान आहे. छान. मग उमरग्याच्या बाजाराचा दिवस आला. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि नवी आवृत्ती आल्यापासून उमरग्यात पहिल्यांदाच लाईट गेली. थोड्या वेळानं आली. लाईट आल्यावर 'रांग'नं सगळे नंबर पुसून पुन्हा एकपासून सुरुवात केली.

काय गोंधळ झाला म्हणून सांगू! प्रत्येकाच्या फोनवर चालू नंबर एक. दारात रेटारेटी. कुणी म्हणे मी सकाळी आलोय, कुणी म्हणे मी तुझ्या आधी. एका बाईचं लेकरू रडून रडून काळं पडायला लागलं. दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. मी मावशीच्या गोळ्या न्यायला आले होते, मीही ओरडत होते, अर्थातच.

आपा स्टुलावर चढल्या. ते स्टूल त्यांनी स्वतःसाठी वापरलेलं मी त्या एकदाच पाहिलं.

"ओ मंडळी! आधी बसा सगळी. खाली बसा, फरशी पुसलेली हाय." माणसं बसली. उभ्या माणसाची गचांडी बसलेल्या माणसाला धरता येत नाही. "आता स्वतःचा नंबर कुणी बोलायचा न्हाई. तुमच्या पुढं कोण हुतं, तेवढंच सांगा."

मग एक फेटेवाले म्हणाले, "माझ्या पुढं ह्या हिरव्या लुगड्याच्या आजी हुत्या."

आजी म्हणाल्या, "व्हय. अन् माझ्या पुढं ह्यो, पायाला पट्टीवाला."

"माझ्या पुढं ते टोपीवाले चाचा."

चाचा उठून उभे राहिले. "मेरे आगे कोई नहीं था. पण त्या बाईचं लेकरू बघा, तिला जाऊ द्या आधी."

बघता बघता रांग उभी राहिली, म्हणजे बसली. स्वतःचा नंबर विचारला असता तर दहा जण पहिले निघाले असते. पुढच्याचं नाव सांगताना कुणी खोटं बोललं नाही. मघाशी गचांडी धरणारे दोघे शेजारी बसून एकाच फोनवर काहीतरी बघत होते.

साहेबाचा निरोप संध्याकाळी आला. तो मला पाठ आहे. "चूक दिसत असताना 'छान, छान' लिहिणारी माणसं गोळा केली की हेच होणार. बाई, हा कामाचा गट आहे, हळदीकुंकू नाही. आज पेशंटचे जे हाल झाले ते तुमच्या गोडबोलेपणामुळं." आणि त्यानं आपांना गटातून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. आपांनी वाचलं होतं. लग्नपत्रिकेला उत्तर सुचलं होतं, शेळ्यांना सुचलं होतं. याला सुचलं नाही. हळदीकुंकवाचं त्यांना काही वाटलं नव्हतं, शेजारणींकडं त्या दरवर्षी जायच्या. पेशंटचे हाल तुमच्यामुळं, हे लागलं. फोन ड्रॉवरमध्ये, किल्ल्यांच्या खाली. माणसं येत होती आणि आपा म्हणत होत्या, "नंबर सांगा." एवढंच. त्या दिवशी स्टूल जागचं हललं नाही.

त्या साहेबाला मी बाकी सगळं एखाद वेळी माफ केलं असतं. ते न हललेलं स्टूल कधीच नाही. मी घरी येऊन पत्रक लिहिलं. 'जाहीर जाब!' त्यात दांभिक होतं, मुजोर होतं, शिकलेला गावगुंड होतं. त्याची नोकरी कुठं आहे ते मी शोधून काढलं होतं. पत्रक तिथं पोचवायचं, त्याच्या गटात टाकायचं, आणि आपांची जाहीर माफी मागितल्याशिवाय त्याला सोडायचं नाही. छापायच्या आधी आपांना वाचून दाखवलं.

"टोचतंय चांगलं," आपा म्हणाल्या.

"मग छापू?"

"ह्यात मुरूमचा कंपाउंडर कुठं हाय?"

"त्याचा काय संबंध?"

"मुरूमला लाईट जात न्हाई का? त्याला ठावं असणार. मग त्यानं 'छान' का लिवलं? ते विचार आधी. मग छाप. नोकरीचं तेवढं खोड. आणि नाव बी."

मी मुरूमला गेले. कंपाउंडर मधल्या वयाचे, बोलताना शर्टाची वरची गुंडी चाचपायची सवय. "ठावं हुतं की ताई," ते म्हणाले. "लाईट आली की मी सगळे नंबर हातानं पुन्हा घालत हुतो."

"मग कळवलं का नाही?"

"मागं एकदा कळवलं हुतं एक. त्यानं लिवलं, वाचता येत नसंल तर फोन विकून टाका. माझ्या मेव्हण्यानं वाचलं ते. लग्नात सगळ्यांसमोर मला म्हणला, दाजी, फोन विकला का?" गुंडी चाचपली. "तवापासून मी 'छान चाललंय साहेब' लिवतो."

येताना बसमध्ये मी पत्रकातली सगळी विशेषणं खोडली. कंपाउंडर जे बोलले तेवढं, त्यांना विचारून, जसंच्या तसं गटात टाकलं. वर एकच ओळ घातली: गोड बोलण्यामुळं चूक लपली नाही, तुमच्या भीतीनं लपली.

मग जे झालं ते बघायला तुम्ही हवे होता. आधी एकानं लिहिलं, मलाही माहीत होतं. मग दुसऱ्यानं. मग लोकांनी लाईटच्या सोडून भलत्याच चुका बाहेर काढल्या, कुठल्या कुठल्या महिन्यांपासून पोटात ठेवलेल्या. साहेबानं विचारलं, "मग आधी का नाही सांगितलं?" उत्तर म्हणून कुणीतरी त्याचीच जुनी वाक्यं एकाखाली एक चिकटवली, स्वतःचा एक शब्द न घालता. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. खोटं कशाला बोलू?

माफी मात्र त्यानं मागितली नाही. गटाला कुलूप लावून तो निघून गेला.

अशा कामात एक सोय असते. प्रोग्राम सगळ्यांचा असतो, त्यामुळं जमलं नाही तर तो अख्खा उचलून कुणालाही वेगळी चूल मांडता येते. आम्ही मांडली. माकणीची मुलगी परत आली. लाईट गेली तर काय करायचं ते तिनं लिहिलं: नंबर पुसले गेले तर 'रांग' आता प्रत्येक पेशंटला फोनवर विचारते, तुमच्या पुढं कोण होतं? आणि उत्तरं जुळवून रांग पुन्हा लावते. सगळे काउंटरवाले आमच्याकडं आले. साहेबाच्या चुलीवर कुणी राहिलं नाही. मी त्याची ती रिकामी पानं मुद्दाम उघडून बघायचे.

आपांची एकच अट होती. प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या नावात पहिलं नाव साहेबाचं.

"आपा! त्यानं तुम्हाला हाकललं!"

"लिवलंय कुणी? त्यानं. मग नाव बी त्याचं." मग केसपेपर पुढं ओढत, "आणि कधी यावं वाटलं त्याला, तर दार पायजे की."

"येऊ दे. आला तर मी बघते त्याच्याकडं."

"बघ," आपा म्हणाल्या. "पण आधी बसव."

मागच्या थंडीत आपा आजारी पडल्या. साधा ताप म्हणून घरी राहिल्या, मग सोलापूरला नेलं, आणि परत आल्या नाहीत. गटात कुणी बातमी टाकली नाही. ज्यांना कळायचं होतं ते सगळे मातीला आले होते. टोपीवाले चाचा होते, हिरव्या लुगड्याच्या आजी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर बसून होत्या. माकणीची मुलगी भावाच्या गाडीवर आली. कंपाउंडर शर्टाची गुंडी धरून उभे. बायका घरी जमल्या होत्या, त्यांच्यात मी होते. बसा म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून सगळ्या बराच वेळ उभ्याच होत्या.

आणि आता मुद्द्यावर येते. साहेब आलाय.

गेल्या महिन्यात आमच्या गटात त्याचा निरोप आला. लांबलचक. "सर्वांना नमस्कार. सगळे बरे असाल." आमच्याकडं पाऊस कसा आहे विचारलंय. नव्या 'रांग'मध्ये आपलं नाव पहिलं बघून काय वाटलं ते लिहिलंय. मग त्याच्या ऑफिसात कुणीतरी त्याला चार लोकांत कसं बोललं, ते. आणि अगदी शेवटी: "आपा गटात दिसत नाहीत. मला त्यांची माफी मागायची आहे. त्या कुठं भेटतील?"

मी तो निरोप तीनदा वाचला. लग्नपत्रिका म्हणावंसं किती वाटलं, तुम्हाला काय सांगू. ज्या माफीसाठी मी पत्रक काढणार होते ती दारात उभी होती, नमस्कार करून.

मी लिहिलं, "आधी बसा."

त्यानं लगेच लिहिलं, "धन्यवाद. बसलो."

मग मी लिहिलं, "तुमच्या पुढं कोण होतं?"

त्याला कळायला वेळ लागला. दोन दिवस काही आलं नाही. मग आलं: मुरूमचे कंपाउंडर. खाली त्यांची माफी, त्यांना काय बोललो होतो त्या शब्दांसकट. मग माकणीची मुलगी. तिचीही, शेळ्यांसकट. तिनं उत्तर दिलं, "मिळालं." एवढंच. मग तो एकेकाला आठवत गेला. मधला कुणी सुटला की मी लिहिते, मधले राहिले. तो परत मागं जातो, शोधतो, लिहितो. कुरकुर करत नाही. आता तो माफीच्या आधी 'कुठल्या गावचे?' हेही विचारतो.

कंपाउंडरांचा फोन आला होता. "ताई, बास की आता. आपा गेल्या म्हणून सांगून टाका त्याला."

"त्याचा नंबर आला की सांगते," मी म्हटलं.

"आपा असत्या तर..."

"आपा असत्या तर मला हे करावं लागलं असतं का?" मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

आता त्याच्या पुढं फार कुणी उरलेलं नाही. लवकरच तो आपांपर्यंत पोचेल. काउंटरवर सध्या दुसरी मुलगी बसते, चांगली आहे, नंबर नीट सांगते. स्टूल तिनं भिंतीला लावून त्यावर पाण्याचा जार ठेवलाय. साहेब पोचेल तेव्हा त्याला मी ते स्टूल तेवढं दाखवणार आहे.

आपांनी त्याला पहिल्याच ओळीत सांगून टाकलं असतं, आणि वर जेवलात का तेही विचारलं असतं.

मी आपा नाही.